गाडी का ठोकते? रॉकेल, आयोडीन आणि एका आवाजाची गोष्ट

किनवटहून बोलतोय. हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. डेटा संपलाय, सहस्रकुंडाच्या पुढं रेंज गेली किंवा एसटीत हेडफोन विसरलेत, अशा सगळ्यांसाठी. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त माझे खोकले काढून टाकलेत.

आजचा विषय आहे एक आवाज. माहूरगडाचा चढ घ्या. गाडीत पाच माणसं, मागं डिकीत नारळ आणि पिशव्या, एसी चालू, गिअर चौथा. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता आणि इंजिनातून एक बारीक, कडक आवाज येतो. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा. पाय काढला की गायब, दाबला की परत हजर. घरातलं मोठं माणूस म्हणतं, "पेट्रोल भेसळीचं दिसतंय." मागं बसलेला भाचा म्हणतो, "मामा, इंजिन गेलं." मिस्त्री एकच वाक्य बोलतो, "भाऊ, गाडी ठोकायली."

या ठोकण्याला शंभरावर वर्षांचा इतिहास आहे. त्यात एक अमेरिकन कारखाना आहे, विष आहे, मुंबईची टॅक्सी आहे, रेशनचं रॉकेल आहे आणि मनमाडजवळ जाळून मारलेला एक अधिकारीही आहे. पण त्याआधी आवाज ओळखायला शिकू. कारण गाडीतला प्रत्येक आवाज म्हणजे ठोका नव्हे, आणि चुकीच्या आवाजासाठी इंजिन उघडणारे कमी नाहीत.

आमच्याकडचे जुने मिस्त्री लांब पेचकस घेतात. टोक इंजिनावर, मूठ कानाच्या हाडाला. डॉक्टरचा स्टेथोस्कोप फिका पडेल. ते काय ऐकतात? आधी लय ऐकतात. फोर स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरते. म्हणजे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर एक सैल टॅपेट सेकंदाला २५ वेळा वाजतो. शिलाई मशिनसारखा टिकटिक आवाज, गाडी उभी असली तरी येणारा. क्रँकवरचं कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं असेल तर ठोका दर फेऱ्याला, म्हणजे त्याच वेगाला सेकंदाला ५०, आणि आवाज जड, खोल, लाकडावर हातोडा मारल्यासारखा. हा आवाज आला की गाडी बाजूला घ्या, ऑइलची पट्टी बघा आणि टोचन करून न्या. पुढच्या गावापर्यंत रेटू म्हणाल तर क्रँकच हातात येईल.

मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं असेल तर रेस करताना फटफट येते, थंड इंजिनावर जास्त, आणि धातू तापून पसरला की कमी होते. बेल्ट सैल असेल तर चीं. सायलेन्सरवरचा पत्रा सैल असेल तर ठराविक वेगावरच थरथर, मग शांत. इंजिन माउंटिंग गेलं असेल तर क्लच सोडताना धप्प. आणि आवाज इंजिनाच्या वेगाबरोबर न बदलता चाकाच्या वेगाबरोबर बदलत असेल, गाडी न्यूट्रल केली तरी घूंऽऽ चालूच असेल, तर तो इंजिनाचा नाहीच, चाकाचं बेअरिंग आहे.

आता आपला ठोका. त्याची ओळख पटवायची सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे, चढावर आवाज आला की त्याच वेगात एक गिअर खाली टाका. इंजिनाचे फेरे वाढतील, पण त्याच्यावरचा भार हलका होईल. आवाज थांबला तर तो ठोका. आवाज उलट फेऱ्यांबरोबर वाढला तर काहीतरी यांत्रिक सैल आहे. एका पैशाचा खर्च नाही आणि निम्मं निदान झालं.

ठोका म्हणजे नेमकं काय होतं? पिस्टन वर येतो, पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबतो, प्लग ठिणगी टाकतो आणि आग प्लगपासून सिलेंडरच्या भिंतीकडं पसरत जाते. ही आग वणव्यासारखी पसरावी, बॉम्बसारखी फुटू नये, अशी सगळी रचना असते. पण कोपऱ्यात उरलेलं मिश्रण, ज्याच्यापर्यंत आग अजून पोचलेली नाही, ते दाबून दाबून इतकं तापतं की वाट न बघता एकदम पेटतं. दाबाची लाट उठते, ती भिंतींवर आपटत राहते आणि आख्खं सिलेंडर घंटेसारखं वाजतं. आपण ऐकतो ती ही घंटा. ८० मिलिमीटर व्यासाच्या सिलेंडरमध्ये हा सूर सेकंदाला सुमारे ७००० कंपनांचा असतो. सिलेंडर मोठं तर सूर खाली. तबल्याची आणि डग्ग्याची जी गोष्ट, तीच इथं.

अधूनमधून हलका ठोका आला तर फार बिघडत नाही. सतत आला तर पिस्टनच्या कडा खाल्ल्या जातात, रिंग तुटते, हेड गॅस्केट जातं. शेवटी पिस्टनला भोक.

आता इतिहास. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग नावाच्या इंजिनिअरनं बनवलेला विजेचा स्टार्टर आला. हँडल मारायची कटकट गेली. बॅटरीवर चालणारं इग्निशनही त्याचंच. पण इंजिनं जशी ताकदवान व्हायला लागली तशी ती ठोकायला लागली, आणि जुन्या मॅग्नेटोवाल्या मंडळींनी खापर फोडलं केटरिंगच्या बॅटरीवर. आपल्या मालावर आळ आला म्हटल्यावर तो खवळला. त्यात भर म्हणजे त्याची कंपनी शेतावरच्या घरांसाठी छोटी जनरेटरं बनवायची, डेल्को लाइट नावाची, आणि ती पेट्रोलऐवजी रॉकेलवर चालवायची होती, कारण आगीच्या भीतीनं विमा कंपन्यांना घरात पेट्रोल नको होतं. रॉकेलवर ती इंजिनं भयंकर ठोकत.

रॉकेल हा शब्द लक्षात ठेवा बरं का. रॉक ऑइलचं आपण रॉकेल केलं. या गोष्टीत ते सुरुवातीलाही आहे आणि पुढं आपल्या महाराष्ट्रातही येणार आहे.

१९१६ मध्ये केटरिंगनं हे काम थॉमस मिजली नावाच्या तरुणाला दिलं. दोघांच्या डोक्यात एक गमतीशीर कल्पना होती. अमेरिकेत एक रानफूल आहे, बर्फ असतानाच फुलणारं, लालसर पानांचं. लाल रंगामुळं ते उष्णता लवकर शोषत असेल, तर रॉकेलही लाल केलं तर ते लवकर वाफ होऊन नीट जळेल, असा तर्क. मिजली गोदामात लाल रंग शोधायला गेला. रंग नव्हता. कुणीतरी म्हणालं, आयोडीन घे, तेलात विरघळतं आणि लालही होतं. टाकलं. ठोका थांबला! मग त्यानं खरे लाल रंग आणून टाकून बघितले. काहीच नाही. रंगाचा संबंधच नव्हता, गुण आयोडीनचा होता. तर्क चुकीचा, निकाल बरोबर. पण त्या एका दुपारनं हे सिद्ध झालं की दोष बॅटरीचा नाही, इंधनाचा आहे, आणि इंधनात चिमूटभर काही घालून ठोका थांबवता येतो.

आयोडीन महाग होतं आणि धातू खायचं. मग पाच वर्षं नुसती शोधाशोध. एकामागून एक रसायनं टाकायची आणि इंजिन ऐकायचं. टेल्युरियमची संयुगं चांगली चालली, पण त्यांचा लसणासारखा वास अंगाला असा चिकटला की आंघोळ करूनही जाईना, लोक जवळ बसेनात. अखेर ९ डिसेंबर १९२१ ला टेट्राएथिल लेड सापडलं, म्हणजे शिशाचं संयुग. गॅलनमागे काही ग्रॅम टाकलं की ठोका बंद. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटन शहरातल्या पंपावर ते पेट्रोल विकायला आलं. नाव काय ठेवलं? एथिल. शिसं हा शब्द नावातून गाळला. मार्केटिंगवाल्यांची जात तेव्हाही हीच.

शिसं विष आहे हे तेव्हा माहीत नव्हतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. रोमन काळापासून माहीत होतं. १९२३ च्या सुरुवातीला मिजली स्वतःच शिशाच्या विषबाधेतून बरं व्हायला सुट्टीवर गेला होता. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत हे रसायन बनवणारे कामगार भ्रमिष्ट व्हायला लागले, हवेत न दिसणारे किडे पकडायला लागले. पाच जण मेले. त्यानंतर काही दिवसांतच मिजलीनं पत्रकारांसमोर ते रसायन हातावर ओतून, वास घेऊन दाखवलं. १९२५ मध्ये सरकारनं परिषद बोलावली. ॲलिस हॅमिल्टन या डॉक्टरबाईंनी तिथं विरोध केला. पुढं समिती बसली, आणि समित्यांचं जे होतं ते झालं. शिशाचं पेट्रोल पुढची पन्नास-साठ वर्षं जगभर विकलं गेलं.

मला यात सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच. अल्कोहोल मिसळलं तरी ठोका थांबतो, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं. पण अल्कोहोल कुणीही गाळू शकतो. त्याच्यावर हक्क सांगता येत नाही. आमच्या किनवटच्या जंगलात मोहाच्या फुलांची जी गाळतात, तिच्यातलं अल्कोहोल आणि आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलातलं इथेनॉल, रसायन म्हणून एकच. त्याचं पेटंट कोण घेणार?

याच काळात ठोका मोजायचं मापही तयार झालं. १९२६ मध्ये ग्रॅहम एडगर यांनी दोन शुद्ध द्रवं निवडली. आयसोऑक्टेन अजिबात ठोकत नाही, त्याला १०० गुण. हेप्टेन लगेच ठोकतं, त्याला शून्य. हे हेप्टेन सुरुवातीला एका जातीच्या पाइन झाडाच्या चिकातून काढायचे. मग पेट्रोल ९१ ऑक्टेनचं आहे, याचा अर्थ काय? तर ते पेट्रोल ९१ टक्के आयसोऑक्टेन आणि ९ टक्के हेप्टेनच्या मिश्रणाइतकं ठोक्याला टिकतं. एवढाच. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. ज्या गाडीत ठोका येतच नाही, तिच्यात महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल टाकून फक्त पंपवाल्याचं भलं होतं.

आता भारतात येऊ. किनवट हा निजामाच्या राज्यातला, आदिलाबाद जिल्ह्यातला तालुका, १९५६ मध्ये नांदेडला जोडला गेला. निजामाच्या रेल्वे खात्यानं १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी रस्ते वाहतूक सुरू केली होती. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग आलं आणि देशभर गाड्यांना मागं कोळशाची भट्टी बसवली गेली. कोळशाच्या त्या गॅसवर इंजिन ठोकत नसे, पण जोरही नसे. चढ आला की प्रवाशांनी उतरायचं, हा किस्सा तुमच्या पणजोबांच्या पिढीनं सांगितला असेल.

स्वातंत्र्याच्या तोंडावर वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी उभी राहिली, १९४४ मध्ये. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० निघू लागली. हीच पुढं प्रीमियर पद्मिनी झाली, मुंबईची काळी-पिवळी. १०८९ सीसीचं इंजिन, दाबाचं प्रमाण आठाच्या आत. म्हणजे मिश्रण फार दाबायचंच नाही, कारण तेव्हाचं साधं पेट्रोल होतं कमी ऑक्टेनचं. आजच्या पेट्रोल गाड्या तेच प्रमाण दहा-बारापर्यंत नेतात.

या पद्मिनीनं महाराष्ट्रात फिटरची एक पिढी घडवली, असं मी म्हणेन. तिच्यात कॉम्प्युटर नव्हता. ठिणगी कधी पडायची हे डिस्ट्रिब्युटर ठरवायचा, आणि डिस्ट्रिब्युटर मिस्त्रीच्या हातात. बोल्ट सैल करायचा, डबी केसभर फिरवायची, गाडी टॉप गिअरला टाकून चढावर दामटायची. ठोकली तर टायमिंग थोडं मागं घ्यायचं. मागं जास्त गेलं तर गाडी मरगळते, तापते, पिते. ठोका येतो न येतो अशा काठावर ठेवलं की गाडी सर्वांत छान पळते. हा काठ कानानंच सापडायचा. किती मिस्त्र्यांना ऑक्टेनचा आकडा माहीत होता कोण जाणे, पण कुठल्या पंपाचं पेट्रोल कसं, हे त्यांना टायमिंगवरून कळायचं. शेवटची नोंदणी झालेली काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून उतरली.

शिसं मात्र आपल्या हवेत बराच काळ राहिलं. १९९५ पासून चार महानगरांत शिसंविरहित पेट्रोल मिळू लागलं, तेही मुख्यतः नव्या गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी, कारण शिशानं तो निकामी होतो. देशभर शिसं बंद झालं १ फेब्रुवारी २०००. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, जुलै २०२१. तुम्हा ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण २००० नंतरचे. तुमच्या दादा-ताईंच्या रक्तात तुमच्यापेक्षा जास्त शिसं गेलेलं आहे, ते काही त्यांचा दोष नाही.

आता रॉकेल.

आपल्याकडं रेशनचं रॉकेल निळ्या रंगाचं यायचं. निळा रंग कशाला? हे गरिबाच्या चिमणीचं आणि स्टोव्हचं आहे, दुसरीकडं दिसलं तर चोरी समजा, यासाठी. आमच्या तालुक्यातल्या तांड्यांवर, पाड्यांवर, जिथं वीज उशिरा आली आणि आली तरी राहिली नाही, तिथं पोरं त्या चिमणीखाली अभ्यास करून मोठी झाली. २०११ च्या सुरुवातीला हे रॉकेल लिटरला बारा-तेरा रुपयांच्या आसपास होतं आणि पेट्रोल साठीच्या घरात. मधला फरक बघा. टँकरमागं किती होतात ते फोनवर गुणाकार करून बघा. देशात रेशनच्या रॉकेलचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग वाटेतच गायब होतो, असं २००५ च्या एका राष्ट्रीय पाहणीत निघालं होतं. ते कुठं जायचं? काही खुल्या बाजारात, काही डिझेलमध्ये, काही पेट्रोलमध्ये.

रॉकेलचा ऑक्टेन पेट्रोलच्या पासंगालाही पुरत नाही. थोडं मिसळलं तरी ठोका वाढतो. म्हणजे माहूरच्या चढावर गाडीतून येणारा तो खडखडाट कधीकधी कुणाच्या तरी विझलेल्या चिमणीचा आवाज असायचा. हे मी अलंकार म्हणून सांगत नाही, हिशेबच तसा आहे.

ही साखळी तोडायला जे गेले त्यांचं काय झालं? एस. मंजुनाथ हा आयआयएम लखनौमधून शिकलेला, इंडियन ऑइलचा तरुण अधिकारी. उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खीरी जिल्ह्यात भेसळीचे पंप तपासत होता. १९ नोव्हेंबर २००५ ला त्याला गोळ्या घालून मारलं. पुढच्या वर्षी सरकारनं रॉकेलमध्ये ओळखण्यासाठी खास रसायन मिसळायला सुरुवात केली. ती योजना काही वर्षांतच गुंडाळली गेली.

आणि मग आपलं मनमाड. मुदखेडहून नांदेड, परभणी, औरंगाबाद करत रेल्वे जिथं पोचते ते मनमाड. त्याच्याजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत, राज्याच्या मोठ्या भागाला तिथून टँकर जातात. २५ जानेवारी २०११. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे त्या रस्त्यानं जात होते. एका ढाब्याजवळ टँकर उभे दिसले, तेलचोरीचा संशय आला. ते उतरले. मोबाईलवर चित्रण करायला लागले, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. त्यांना मारहाण झाली, अंगावर तेल ओतलं आणि भर दिवसा पेटवून दिलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता.

२७ जानेवारीला राज्यभरातले लाखो सरकारी कर्मचारी कामावर गेले नाहीत. छापे पडले, अटका झाल्या, विधानं झाली. पण या भागासाठी वाचताना माझ्या डोक्यातून एकच गोष्ट जात नव्हती. त्यांच्या हातात फोन होता. आपण रोज हजार फालतू गोष्टींचे व्हिडिओ काढतो तोच फोन.

भेसळ पुढं कमी झाली, पण मला वाटतं त्यात छाप्यांपेक्षा भावाचा हात मोठा. जुलै २०१६ पासून रेशनच्या रॉकेलचा दर थोडाथोडा, २५-२५ पैशांनी वाढवत नेला, उज्ज्वलाचे गॅस आले, कोटा कापला गेला आणि २०२० पर्यंत सबसिडी जवळपास संपली. फरकच उरला नाही तर चोरी कशाला? चिमणीवाल्यांना त्यातून काय मिळालं, गॅसची टाकी परत भरायला पैसे आहेत का, हा वेगळ्या भागाचा विषय आहे. करू.

मग आता गाडी ठोकत नाही का? ठोकते, पण तुम्हाला ऐकू येऊ देत नाही. १९७८ मध्ये अमेरिकेत ब्युइकच्या टर्बो गाड्यांत आणि १९८२ मध्ये स्वीडनच्या साबमध्ये एक नवी वस्तू आली, नॉक सेन्सर. इंजिनाच्या ब्लॉकवर बोल्टनं आवळलेला एक छोटा स्फटिक. तो त्या ७००० कंपनांच्या सुरावर कान लावून बसतो. सूर आला की कॉम्प्युटरला कळवतो, कॉम्प्युटर ठिणगी थोडी उशिरा टाकतो, ठोका थांबतो. मिस्त्री डबी केसभर फिरवायचा, तेच काम, फक्त सेकंदाच्या काही भागात. म्हणून आज भेसळीचं किंवा कमी ऑक्टेनचं पेट्रोल गेलं तर आवाजाऐवजी पिकअप पडतो आणि ॲव्हरेज घसरतं. कान असलेल्या माणसाला पूर्वी गाडी सरळ सांगायची, आता ती गिळून टाकते.

म्हणूनच आजच्या गाडीत सेन्सर असूनही चढावर खडखड ऐकू येत असेल तर ती मनावर घ्या. काय बघायचं? आधी गिअरची सवय. कमी वेगात वरचा गिअर टाकून इंजिन रडवू नका, विशेषतः छोटी टर्बो पेट्रोल गाडी. तिच्यात कमी फेऱ्यांवर जोर मागितला तर मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटू शकतं, आणि तो एक धडाका पिस्टन फोडायला पुरतो. मग कूलंट आणि पंखा बघा, कारण तापलेलं इंजिन लवकर ठोकतं. प्लग कंपनीनं सांगितलेल्या नंबरचाच आहे का ते बघा. जुन्या गाडीत पिस्टनवर कार्बन साचून दाब वाढलेला असतो, तो साफ करावा लागतो. आणि नॉक सेन्सरची वायर उंदरानं कुरतडलेली नाही ना! हसू नका, आमच्याकडं गाडी गोठ्याशेजारी लावतात, मिस्त्री सगळ्यात आधी वायरिंगच बघतात. डिझेलवाल्यांनी मात्र थंडीतल्या सकाळच्या खडखडाटाला घाबरू नये, डिझेल इंजिनचा तो स्वभावच आहे. गरम झाल्यावरही रेस करताना एकाच सिलेंडरमधून टकटक आली तर इंजेक्टर तपासा.

पेट्रोलचाच संशय असेल तर पंपावर हक्कानं फिल्टर पेपर मागा. त्यांना तो द्यावा लागतो. नोझलचं तोंड पुसून एक थेंब टाका. शुद्ध पेट्रोल दोनेक मिनिटांत डाग न ठेवता उडतं. डाग राहिला तर भेसळीची शंका. घनताही मोजून मागता येते. पेट्रोलची ७२० ते ७७५ च्या मध्ये असायला हवी, आणि पंपावर त्या दिवसाची नोंदही असते. रॉकेल जड असतं, ते मिसळलं की आकडा वर सरकतो.

राहता राहिलं इथेनॉल, कारण गेल्या वेळी सगळ्यात जास्त प्रश्न त्याच्यावरच होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल बाजारात आलं आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सगळीकडं पोचलं. लातूर-नांदेडच्या उसाचा त्यात वाटा आहे. यानं गाडी जास्त ठोकते का? नाही, उलट कमी. इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या आसपास आहे. १९२० च्या दशकात बाजूला सारलेलं औषध शंभर वर्षांनी परत आलं, असं म्हणा हवं तर. पण लिटरमागं त्यात पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, म्हणून ॲव्हरेज थोडं कमी होणारच. आणि ते पाणी ओढतं. पावसाळ्यात महिनाभर उभी असलेली जुनी दुचाकी सुरू करताना अडखळली, धक्के देत पळाली, तर तो ठोका नाही, टाकीच्या तळाला पाणी वेगळं झालेलं असू शकतं. रबरी नळ्या आणि सील जुन्या गाडीत फुगतात, चिरतात, त्या बदलून घ्या. तुमची गाडी २० टक्क्यांसाठी बनली आहे का, हे तिच्या पुस्तकात किंवा टाकीच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं.

शेवटी एक काम देतो. फोनवर आवाजाचा आलेख दाखवणारं स्पेक्ट्रम ॲप फुकट मिळतं. पुढच्या सीटवरच्या माणसाला ते धरायला सांगा, गाडी चालवणाऱ्यानं हात लावायचा नाही. सुरक्षित, मोकळा चढ बघा आणि आधी सांगितलेली गिअरची चाचणी करा. सहा-सात हजारांच्या आसपास शिखर उठतंय का, आणि गिअर खाली टाकल्यावर बसतंय का, ते बघा. रेकॉर्डिंग पाठवा, गाडीचं मॉडेल आणि किती किलोमीटर पळालीय ते लिहून. पुढच्या भागात आमचे मिस्त्री काका त्यातले निवडक आवाज ऐकून निदान सांगणार आहेत. त्यांनी आत्ताच बजावलंय, "गाणी बंद करून रेकॉर्ड करा म्हणावं पोरांना."